चेतकचा जुना रंग पूर्ण उतरवायचा, की घासून वरूनच मारायचा?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. बाबांची बजाज चेतक १५० कऱ्हाडला घरात पडून आहे. इंजिन गेल्या वर्षी करून घेतलं, दुसऱ्या किकला (आणि एकदा डावीकडे आडवी केल्यावर) चालू होते. आता रंग. सध्या अंगावर मरून आहे, तो २००९ साली चुलतभावाने हौसेनं मारून घेतला होता. आता त्याचे पोपडे उडतायत, पायापाशी गंज फुगलाय, आणि पुढच्या पत्र्यावर नखानं टोकरलं तरी खाली निळा दिसतो.

तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. गावातला पेंटर म्हणाला, "काढायचा कशाला? वॉटर पेपर मारतो, वरनं रंग ओढतो, चार दिवसांत गाडी घ्या." मेव्हणा म्हणतो एमआयडीसीत नेऊन सँड ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने रेतीचा मारा) कर, एका तासात पत्रा पांढराफटक. तिसरं मत इंटरनेटवरचं: रिमूव्हर लावा, पाच मिनिटांत रंग सायीसारखा सुटतो.

माझ्याकडे शनिवार-रविवार आहेत, एक शेड आहे, आणि कॉम्प्रेसर मित्राकडून मिळेल. फवारणी पेंटरकडूनच करून घेणार, पण उतरवण्याचं काम स्वतः करावं असं मनात आहे. अनुभव सांगा.

शिवाय घरात एक वाद पेटलाय. मूळ रंग कोणता? आई म्हणते निळा, लग्नात ती याच निळ्या स्कूटरवरून घरी आली. बाबा विषय बदलतात.

सदू सायलेन्सर
पहिला! बाकी काही करा, पण रंग उतरवताना नवरदेवाचा उतरू देऊ नका.

रत्नांग्रीकर
सावध करायला लिहितोय. चार वर्षांपूर्वी मी याच उत्साहात माझी स्कूटर उघडी पाडली. महिना जुलै, गाव रत्नागिरी. दिवसभर खरवडून संध्याकाळी पत्रा असा चकाकत होता की बायकोला बोलावून दाखवला. वर चादर टाकली, जेवलो, झोपलो. सकाळी चादर उचलली तर सगळ्या पत्र्यावर केशरी लव. दूधमसाला भुरभुरावा तशी. परत घासला, परत तेच. तिसऱ्या दिवशी कंटाळून त्याच केशरीवर प्रायमर मारला आणि दीड वर्षात तो फोडांसकट उचलला गेला.

तात्पर्य म्हणा हवं तर: जेवढं त्याच दिवशी प्रायमरखाली झाकता येईल तेवढंच उघडं करा. आणि पावसाळ्यात करूच नका.

उद्यमनगरचा भावा
कोल्हापुरात बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

भावा, "पूर्ण काढू की नको" हा प्रश्नच आधी विचारायचा नसतो. आधी गाडीला विचारायचं तुझ्या अंगावर काय काय हाय. दोन परीक्षा करा, खर्च दहा रुपये.

एक, थिनरची. कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून रंगावर मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून बोळ्याला आला तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे जुना डुको. विरघळत नाही पण सुरकुत्या पडून फुगला तर साधा इनॅमल, डब्यातला, हवेवर वाळलेला. काहीच झालं नाही तर भट्टीतला कंपनीचा रंग किंवा हार्डनर घातलेला टू-के पीयू (दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग). यातला मधला, इनॅमल, सगळ्यात खोडकर. त्याच्यावर तेज थिनरचा रंग मारला की खालचा उचलतो आणि भाजलेल्या पापडासारखा होतो. मग पेंटरला शिव्या.

दोन, वलयांची. जिथं रंग जाड वाटतो तिथं ३२० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून बोटाखाली गोल गोल फिरवा, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. मधोमध पत्रा दिसेपर्यंत. झाडाच्या बुंध्यावर असतात तशी वलयं दिसतील. बाहेरचं वलय सगळ्यात नवीन, आतलं सगळ्यात जुनं. त्याचा उजेडात फोटो काढून इथं टाका, मग बोलू.

मी पुणेकरीण
@उद्यमनगरचा भावा, हे कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. धन्यवाद.

माझी फजिती सांगते. मोपेड, प्लॅस्टिकची बॉडी. मीही "सायीसारखा सुटतो" ऐकूनच रिमूव्हर आणला होता. सुटला. रंगही सुटला आणि पॅनलही. दहा मिनिटांनी बघते तर बाजूचं पॅनल मऊ पडून पुरणासारखं झालेलं. प्लॅस्टिक आणि फायबरला ते रसायन चालत नाही असं डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, चष्मा घरात होता. नवीन पॅनल नाना पेठेत दोन चकरांत मिळालं, जरा वेगळ्या छटेचं. त्यामुळे गाडी अजून डावीकडून वेगळी आणि उजवीकडून वेगळी दिसते.

चेतक पत्र्याची, त्यामुळे तुमची सुटका. पण इंडिकेटर, टेल लॅम्पची काच, रबरं सगळं आधी काढून ठेवा.

डेपोतले काका
मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. चेतक सगळी लोखंडी पत्र्याची नाही. हँडलचं डोकं, म्हणजे हेडलाइट बसतो ते घर, ॲल्युमिनियमचं ओतीव आहे. ब्रेकचे ड्रमही. आमच्या लाल गाड्यांच्या बॉड्या वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमच्या पत्र्यात बांधल्या गेल्या, दापोडीला, चिकलठाण्याला, नागपूरला. त्यामुळे एवढं पक्कं माहीत आहे की ॲल्युमिनियमवर रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडावर मारतात तो विटकरी प्रायमर, धरत नाही. त्याला एच (etch) प्रायमर लागतो, जो पृष्ठभाग किंचित खाऊन पकड घेतो.

आणि कुणी कॉस्टिक सोड्याचा सल्ला दिला तर ऐकू नका. जुने लोक लोखंडी खाटा, ग्रिलं कॉस्टिकच्या पिंपात बुडवत. लोखंडाला तो काही करत नाही, पण ॲल्युमिनियम खातो. फेस येतो, हायड्रोजन सुटतो, भांडं तापतं. आमच्याकडे एका शिकाऊ मुलाने एक झाकण रात्रभर ठेवलं होतं. सकाळी पिंपात जे शिल्लक होतं त्याला झाकण म्हणवत नव्हतं.

सदू सायलेन्सर
काका, एसटीचा रंग कधी काढलेला पाहिला नाही, फक्त चढवलेला. खिडकीच्या चौकटीवर बोट दाबलं तर तीस वर्षांचा इतिहास जाणवतो.

डेपोतले काका
गंमत सोडा, त्यात तथ्य आहे. जोवर खालचा थर घट्ट आहे तोवर काढण्यात अर्थ नाही. जिथे फुगला तिथेच खरवडायचा, कडा उतरत्या करायच्या, भरून घ्यायचा. शेकड्यांनी गाड्या आहेत, प्रत्येकीला सोलत कोण बसणार?

जर्सीतली जाई
मी न्यू जर्सीत असते, रसायनशास्त्र हा पोटापाण्याचा धंदा. रिमूव्हरविषयी कळकळीने लिहितेय.

"पाच मिनिटांत सुटतो" वाले जुने रिमूव्हर बहुतेक मेथिलीन क्लोराइडवर चालतात. ते रंगाच्या थरात शिरतं, थर फुगतो आणि पत्र्यावरची पकड सोडतो. काम उत्तम करतं, तक्रार तिथे नाहीच. पण ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळतं. म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी कऱ्हाडात शेडमध्ये डबा उघडलात तर झाकण फुस्स करून उडेल आणि वाफ तोंडावर येईल. ती वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते. तुम्ही स्कूटरच्या पायापाशी बसून खरवडणार, म्हणजे नेमकं तिथेच तुमचं नाक. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद खोलीत, बाथटबवर वाकून काम करणारी माणसं यात दगावली आहेत. म्हणून अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना हे रिमूव्हर विकणं बंद झालं, आणि २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाले. युरोपात त्याआधीच बंदी होती.

कापडी मास्क शून्य कामाचा. कोळशाचा डबीवाला मास्कही या वाफेपुढे फार टिकत नाही. साधे नायट्राइलचे हातमोजे काही मिनिटांत झिरपतात.

करायचंच असेल तर पूर्ण उघड्यावर, वारा पाठीमागून, थोड्या थोड्या जागेवर. त्यापेक्षा बेंझिल अल्कोहोलवाले मिळाले तर ते घ्या. पाच मिनिटांऐवजी पाच तास लागतील, पण रविवार कुठे पळून जातोय?

उद्यमनगरचा भावा
ताईंचं शंभर टक्के. आमच्या गल्लीत एक मिस्त्री हाय, रिमूव्हर लावला की डोकं धरून बाहेर येऊन बसायचा, म्हणायचा चहा कमी झालाय.

त्यात माझी भर. रिमूव्हर ब्रशनं जाड थापायचा, एकाच दिशेनं, मागं-पुढं घोटायचा नाही. वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा म्हणजे उडत नाही. सुटला की बोथट पत्रीनं किंवा लाकडाच्या पट्टीनं ओढायचा, धारदार पत्री मारली की पत्र्यावर ओरखडे, मग त्यात परत लांबी भरा. आणि सगळ्यात मोठी चूक होते ती सांध्यात. चेतकच्या पायाखालच्या पत्र्याला सांधे हायत, दुमड हाय. त्यात रिमूव्हर शिरून बसतो. तुम्ही धुता, प्रायमर मारता, रंग मारता, गाडी झकास. महिन्यानं ऊन लागलं की तो सांध्यातनं पाझरतो आणि नवा रंग त्या रेषेवर उचलतो. म्हणून सांध्याच्या दोन बोटं अलीकडंच थांबायचं, तिथं हातानं घासायचं.

शब्दवेडा
विषयांतर, क्षमस्व. "लांबी भरणे" हा प्रयोग वाचून आनंद झाला. आमच्या लहानपणी सुतार काचेभोवती भरायचे त्याला "लुकण" म्हणत. रंगारी मात्र "लांबी"च म्हणायचे. आता दोन्ही मरून "पुटी" उरलं. लांबी हा शब्द कसा आला असेल?

सदू सायलेन्सर
ते माहीत नाही, पण मूळ प्रश्न असा की लांबीची जाडी किती असावी?

उद्यमनगरचा भावा
😄 दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. त्याच्यापेक्षा खड्डा मोठा असला तर आधी ठोकून पत्रा वर आणायचा. पण लोक काय करतात, सगळा खड्डा लांबीनं बुजवतात. तपासायचं असलं तर लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरनं फिरवा. जिथं धरत नाही तिथं खाली लांबी हाय. कोयनाकाठ, ही तिसरी परीक्षा समजा.

मूळ रंगवादी
सगळ्यांच्या विरोधात लिहितोय. रंगवूच नका! जुन्या गाडीची शोभा तिच्या झिजण्यात असते. मरूनखाली निळा दिसतोय तर मरून तेवढा अलगद काढा, निळा ठेवा, वर मेणाचा हात. परदेशात लोक मूळ रंगाच्या गाडीला जास्त पैसे मोजतात. एकदा सोललेला मूळ रंग कुठल्याही पेंटरला परत आणता येत नाही.

रत्नांग्रीकर
झिजण्याची शोभा कोकणात दोन पावसाळ्यांत पत्र्याला भोक पाडते हो. कोरड्या हवेतल्या मंडळींची चैन आहे ती.

मूळ रंगवादी
कऱ्हाड कोकणात कधी गेलं?

रत्नांग्रीकर
कुंभार्ली घाटाच्या वर आहे म्हणून पाऊस चुकतो का?

मी पुणेकरीण
बरं, पुरे. फोटो कुठाय?

कोयनाकाठ
उशिराबद्दल माफी, शनिवारची वाट पाहत होतो. तिन्ही परीक्षा केल्या. फोटो चढत नाहीये, म्हणून शब्दांत सांगतो.

चुंबक: डाव्या डिकीवर सगळीकडे धरतं. पुढच्या पत्र्यावर खाली उजवीकडे तळहाताएवढ्या जागेत अजिबात नाही. पायाखाली ब्रेक पेडलपाशीही नाही.

थिनर: मरून विरघळून बोळ्याला आला. निळा मात्र फुगून सुरकुतला.

वलयं: पुढच्या पत्र्यावर घासलं. बाहेरून आत असं दिसलं: मरून, मग राखाडी, मग निळा, मग विटकरी लाल, मग हिरवा, मग पुन्हा एक फिकट राखाडी, मग पत्रा. पाणी मारून निथळल्यावर इतकं सुंदर दिसत होतं की पाच मिनिटं नुसता बघत बसलो. हिरवा म्हणजे कच्च्या कैरीचा. घरात हा रंग कुणीच पाहिलेला नाही. आईला बोलावून दाखवला, ती म्हणाली, "हा कुठून आला?"

उद्यमनगरचा भावा
भावा, आता जपून. ही गोष्ट फक्त रंगाची राहिली नाही.

विटकरी लाल म्हणजे रेड ऑक्साइड. कंपनी एकदा भट्टीत रंग पक्का केल्यावर त्याच्यावर परत रेड ऑक्साइड मारून दुसरा रंग चढवत नसते. म्हणजे हिरवा आणि त्याच्याखालचा फिकट राखाडी, ते कंपनीचं. निळा बाहेर कुठंतरी मारलेला, आणि थिनरनं फुगला म्हणजे साधा इनॅमल. तुमच्या आईनं लग्नात बघितली तेव्हा निळी होती म्हणता. म्हणजे लग्नाच्या आधीच एकदा रंगलेली होती.

नवी गाडी कोण रंगवतं?

सदू सायलेन्सर
🍿

मी पुणेकरीण
अरे बापरे. आरसी बुक बघा.

शब्दवेडा
हा धागा आता "कौटुंबिक" विभागात हलवावा अशी संपादकांना विनंती.

जर्सीतली जाई
एवढ्यात एक गंभीर वाक्य घुसडते. जुन्या पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत आणि प्रायमरांत शिशाची संयुगं सर्रास असायची. भारतात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. ऐंशीच्या दशकातल्या गाडीच्या रंगाविषयी काहीच गृहीत धरू नका. कोरडं घासू नका. पाणी लावून घासा, चिखल कागदावर गोळा करा, घरात लहान मूल असेल तर त्या कपड्यांनी त्याला उचलू नका.

कोयनाकाठ
जाईताई, नोंद घेतली. पुतणी तीन वर्षांची आहे, शेडला कडी लावलीय.

आता ऐका. आरसी बुक लोखंडी कपाटात, एलआयसीच्या कागदांखाली सापडलं. हातानं लिहिलेलं, कडा खाल्लेल्या. गाडी १९८४ ची. बाबांचं नाव १९८७ मध्ये लागलंय, त्याच्या वर दुसरंच नाव. आणि रंगाच्या रकान्यात: ग्रीन.

लग्न १९८७ चं.

बाबांसमोर पुस्तक ठेवलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "त्या काळात चेतकला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. ज्याचा नंबर लागायचा तो वर पैसे घेऊन विकायचा. मी तीन वर्षं वापरलेली घेतली आणि कऱ्हाडात रंगवून घेतली. तुझ्या आजोबांनी विचारलं, नवी का? मी म्हटलं, आत्ताच घेतली. यात खोटं काय आहे?"

आईने कप उचलला आणि आत गेली. आतून हसण्याचा आवाज आला. मग म्हणाली, "म्हणूनच माझ्या बांगड्यांना निळा लागायचा त्या वर्षी."

सदू सायलेन्सर
मी उभं राहून टाळ्या वाजवतोय. बाबांना दंडवत.

डेपोतले काका
बांगड्यांना निळा लागायचा म्हणजे रंग नीट वाळू दिलेला नव्हता. लग्नाची घाई.

मूळ रंगवादी
माघार घेतो. निळा मूळ नव्हेच. पण मग हिरवा वाचवा!

उद्यमनगरचा भावा
हिरवा वाचवायला त्याच्यावरचे चार थर हिरव्याला न दुखवता काढावे लागतील. पुढचा पत्रा तसाही खालनं गंजलाय. हट्ट सोडा.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर देता येतं. कंपनीचा सगळा थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, जाड कागदाएवढा. त्याच्यावर तुमच्याकडे रेड ऑक्साइड, इनॅमल, प्रायमर, एनसी. मधला इनॅमल कच्चा हाय. गावच्या पेंटरनं वरनं पीयू ओढला असता तर थिनर त्या निळ्यापर्यंत पोचून सगळा पापड झाला असता. म्हणून पुढचा पत्रा, पायाखालचा पत्रा, मडगार्ड: पूर्ण उतरवा, पत्र्यापर्यंत. दोन्ही डिक्या: वलयं काढून बघा. तिथं हिरवा घट्ट असला तर रेड ऑक्साइडपर्यंतचंच काढा, हिरवा राहू दे. कंपनीच्या भट्टीतल्या रंगाइतकं चांगलं अस्तर विकत मिळत नाही. त्याला फक्त ४०० नं खरखरीत करा.

ब्लास्टिंग नको. आमच्या उद्यमनगरात फाउंड्रीवाले शॉट ब्लास्टिंग करतात, ते ओतीव मालाला. चेतकच्या डिकीच्या सपाट पत्र्यावर तो मारा झाला की पत्रा ताणला जातो, लाटा येतात, परत सरळ होत नाहीत. रेती केबलच्या वाटेत, बेअरिंगमध्ये जाऊन बसते, वर्षभर गिअर केबल टाकताना कचकच. काचेचे मणी, कमी दाब, तिरका फवारा असं करणारा जाणकार मिळाला तर गोष्ट वेगळी. आणि साध्या रेतीनं मारणाऱ्याच्या शेजारी उभं राहू नका. ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

कायदेशीर किडा
दोन मुद्दे. बॉडीवर कोरलेला चासी नंबर आहे त्यावर ग्राइंडर, ब्लास्टिंग, लांबी काहीही चालवू नका. त्यावर ग्रीस लावून टेप मारा, शेवटी हाताने साफ करा. नाव बदलताना आरटीओत पेन्सिल घासून त्याचा छाप घेतात, अक्षरं बुजली तर फेऱ्या मारा. दुसरं, रंगाची नोंद आरसीत असते. तुमच्या आरसीत हिरवा आहे, गाडी ३७ वर्षं निळी आणि मरून फिरली. मधल्या पासिंगला कुणी विचारलं नाही?

कोयनाकाठ
बाबा म्हणतात, एजंट होता.

कायदेशीर किडा
पुढे काही विचारत नाही. पण आता हिरवी केलीत तर पहिल्यांदाच कागदाशी जुळेल.

रत्नांग्रीकर
अजून एक. रंग घासण्याच्या आधी गाडी धुवून तेल-मेण काढा. आमच्याकडे प्रत्येक काका स्कूटरला रॉकेलचा नाहीतर खोबरेल तेलाचा बोळा मारायचे, चकाकी यावी म्हणून. ते तसंच राहिलं आणि वर पेपर मारला की तेल ओरखड्यांत चोळलं जातं. नव्या रंगात मग माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. भांड्याच्या साबणानं धुवा, मग डीग्रीझर, मग पेपर.

कोयनाकाठ
बाबा दर दसऱ्याला खोबरेलच मारायचे. 🤦

---

कोयनाकाठ
पाच आठवड्यांनी परत आलो. कामाचा हिशोब देणं लागतो.

गाडी पूर्ण उघडली. पेट्रोलची टाकी काढली तर तिच्याखाली तो कैरी हिरवा कोरा करकरीत, ४० वर्षं ऊन न लागलेला. त्यावर कंपनीतल्या कुणाच्या तरी बोटाचा ठसा, रंगात वाळलेला. त्याला हात लावला नाही. तेवढी जागा टेपने झाकून तशीच ठेवली.

पुढच्या पत्र्याला बेंझिल अल्कोहोलवाला रिमूव्हर लावला, प्लॅस्टिक गुंडाळून रात्रभर ठेवला. सकाळी मरून आणि निळा एकत्र ओल्या पुठ्ठ्यासारखे सोलून आले. रेड ऑक्साइडला दुसरा हात लागला. कंपनीचा हिरवा मात्र दोनदा लावूनही जेमतेम हलला, तो ८० आणि १२० च्या पेपरने दोन रविवार खाऊन गेला. भावा, तुम्ही म्हणालात ते पटलं, भट्टीतला रंग म्हणजे काय ते मनगटाला कळलं.

चुंबक जिथे धरत नव्हतं तिथली लांबी फोडली. पुढच्या पत्र्यावर नुसता खड्डा होता, ठोकून वर आला. ब्रेक पेडलपाशी मात्र लांबीचा ढेकूळ निघाला आणि त्याच्या मागे भोक, त्यात कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. उलगडायचा प्रयत्न केला, भुगा झाला. तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करून घेतला.

गंजाच्या खळ्यांना फॉस्फोरिक ॲसिडवालं द्रावण लावलं, काळं पडलं, मग पाण्याने धुऊन लगेच कॉम्प्रेसरच्या हवेने आणि हेअर ड्रायरने कोरडं केलं. (हेअर ड्रायर बहिणीचा. तो वेगळा धागा.) त्याच दुपारी पेंटरने इपॉक्सी प्रायमर मारला. रत्नांग्रीकर, केशरी लव दिसली नाही, तुमची आठवण काढली.

डिक्यांवरचा हिरवा ठेवला, ४०० मारून त्यावरच प्रायमर. हँडलच्या डोक्याला आधी एच प्रायमर, काका.

एक चूक केली. उजव्या डिकीच्या आतल्या कडेला वेळ वाचवायला ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून फिरवला. पत्रा तापून निळा पडला आणि कडेला किंचित वाक आला. झाकण बसतं, पण फट दिसते. पेंटरला दाखवलं तर म्हणाला, "लांबी भरू." मी नको म्हटलं.

उद्यमनगरचा भावा
नाद खुळा! फट राहू दे, हातानं केलेल्या कामाची खूण.

तुमच्या पेंटरला एवढंच सांगा, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, बंद शेडमध्ये रुमाल बांधून मारू नको. आमच्या लायनीतल्या दोघांना दमा लागलाय त्यानं.

मी पुणेकरीण
रंग कोणता ठरला???

कोयनाकाठ
टाकीखालच्या ठशाजवळची जागा दाखवून पेंटरने हिरवा जुळवून आणला, तीनदा परत पाठवला. बाबा म्हणाले "आता काय लपवायचं." आई म्हणाली तिची गाडी निळी होती आणि निळीच राहणार. शेवटी बॉडी हिरवी आणि स्टेपनीचं कव्हर निळं. पुढच्या रविवारी रंग.

सदू सायलेन्सर
आणि बांगड्या?

कोयनाकाठ
या वेळी आठ दिवस वाळू देणार.

नवा गडी
नमस्कार, आजच सदस्य झालो. माझ्याकडे काकांची लॅम्ब्रेटा आहे, तिच्यावरही तीन-चार रंग दिसतात. काय करू?

उद्यमनगरचा भावा
३२० चा पेपर, पाणी, रुपयाएवढी जागा. आणि आधी आरसी बुक एकट्यानं वाचून घ्या.